अर्जाला जोडलेला अहवाल शेतकऱ्यालाही वाचू द्या

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टरसाठी अर्ज भरताना शेतकऱ्याला यंत्राविषयी मोजून दोन गोष्टी विचारल्या जातात. टू व्हील ड्राइव्ह हवा की फोर व्हील, आणि एचपीची श्रेणी कोणती. निवड झाली की विक्रेत्याचं कोटेशन, त्या मॉडेलचा चाचणी अहवाल असे कागद अपलोड करायचे. पूर्वसंमती आली की खरेदी, मग बिल, मग मोका तपासणी आणि शेवटी खात्यात अनुदान. ही वाट आता बऱ्यापैकी रुळली आहे. सोडतीत नंबर लागण्याची वाट पाहण्यापेक्षा आधी अर्ज करील त्याला आधी, हा बदलही मला पटला. तेव्हा हे पत्र अनुदान वाढवा म्हणून लिहिलेलं नाही. त्या कागदांमधल्या एकाच कागदाविषयी मला बोलायचं आहे, तो म्हणजे चाचणी अहवाल.

हा अहवाल तयार होतो मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या बुदनीला. केंद्र सरकारची ती संस्था १९५५ पासून तिथे आहे. गावातला कितीही जाणता मिस्त्री बोलवा, बुदनीत ट्रॅक्टर जोखतात तसा त्याला जोखता येणार नाही. औजार फिरवणाऱ्या पीटीओ दांड्याला प्रत्यक्षात ताकद किती मिळते, गरम हवेत त्यातली किती उरते, डिझेल किती जातं, हायड्रोलिक किती वजन उचलतं, ट्रॅक्टर किती जागेत वळतो, ब्रेक कसे लागतात, चालकाच्या कानाशी आवाज किती होतो, हे सगळं तिथे मोजतात. मग औजार लावून शेतात चालवतात आणि शेवटी यंत्र खोलून कोणता भाग किती झिजला तेही पाहतात. त्यातलं काही लपवलेलं नसतं, पानोपानी छापलेलं असतं.

आता या कागदाचा प्रवास पाहा. विक्रेता ती पीडीएफ शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. शेतकरी ती सेवा केंद्रातल्या मुलाकडे पाठवतो. मुलगा फाइलचा आकार कमी करून पोर्टलवर चढवतो. आपल्या कार्यालयात कुणीतरी अहवाल जोडला आहे एवढं पाहून पुढची खूण करतो. चार हातांतून गेलेला हा कागद वाचला कुणीच नाही. ज्याला पाच लाख घालायचे आहेत त्याने तर नाहीच, कारण तो इंग्रजीत आहे, आणि त्याच्या हातात आला तेव्हा मॉडेल ठरून कोटेशनही झालेलं होतं.

मी निफाड तालुक्यात दोन-अडीच एकर द्राक्षं करतो. त्यामुळे पुढचं सगळं बागेच्या अंगाने येईल, त्याला इलाज नाही. पण प्रश्न काही माझ्या शिवारापुरता नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यात एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी १.३४ हेक्टर जमीन येते, म्हणजे सव्वातीन एकरांच्या थोडी वर. १९७०-७१ मध्ये हाच आकडा ४.२८ हेक्टर होता. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले, बैल गेले, आणि ट्रॅक्टर लहान झाला. आज बाजारात निवडीला तोटा नाही. महिंद्रा, स्वराज, कुबोटा, व्हीएसटी, सोनालिका, राजकोटचा कॅप्टन. २०२१ मध्ये स्वराजने अकरा एचपीचा ‘कोड’ हा अरुंद ट्रॅक्टर आणला, २०२३ मध्ये महिंद्राची ओजा मालिका आली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. घेणाऱ्याला एवढे चांगले दिवस कधी नव्हते. तरी गावात ट्रॅक्टर निवडला जातो तो एचपी, हप्ता आणि भावकीत कुणाकडे कोणता आहे, या तीनच गोष्टींवर.

आणि या तिन्हींतलं काहीही बागेला विचारायचं नसतं.

बाग आधी रुंदी विचारते. दोन ओळींत नऊ फूट अंतर असलं तरी नऊ फूट ट्रॅक्टरला मिळत नाहीत. बोदाने तीन-चार फूट घेतलेले असतात, वेलींना आधार देणारी वाय पद्धत असेल तर दोन्ही बाजूंचे हात मध्ये आलेले असतात, ठिबकच्या नळ्या असतात. उरते पाच-साडेपाच फुटांची गल्ली. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा नेहमीचा ट्रॅक्टर बाहेरच्या चाकापासून बाहेरच्या चाकापर्यंत सहा फुटांच्या घरात जातो. तिथे तो शिरतच नाही, हे सगळ्यांना कळतं. पण छोट्या ट्रॅक्टरमध्येही फरक आहेत, ते कळत नाहीत. एखादा तीन फुटांत बसतो, एखादा चार फुटांच्या जवळ जातो, आणि काहींचं चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. रोटाव्हेटर चाकांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा अरुंद निघाला तर चाकाने दाबलेली पट्टी तशीच राहते. दर पाळीला तीच पट्टी, तेच चाक. काळ्या जमिनीत चार वर्षांनी तिथे पहार घालून बघा.

मांडव असेल तर उंचीही पाहावी लागते. आमच्याकडे एकाने मोठ्या हौसेने ट्रॅक्टर आणला आणि सायलेन्सरचा उभा पाइप मांडवाच्या तारेला लागतो हे बागेत गेल्यावर कळलं. मग पाइप कापून वाकवला, धूर थेट घडांवर जायला लागला, पुन्हा वेल्डिंगवाल्याकडे फेरी. बागेसाठी बनवलेल्या मॉडेलांत हा पाइप मुळातच खालून काढलेला असतो. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण विचारायचं कुणाला आणि कधी, हेच ठरलेलं नाही.

आता एचपी. पोर्टलवर, जाहिरातीत, बॉनेटवर लिहिलेली एचपी ही इंजिनाची असते. रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर चालतात ते पीटीओवर, आणि तिथपर्यंत पोचता पोचता ताकद कमी होते. पंधरा एचपीच्या इंजिनातून पीटीओला साधारण अकरा ते तेरा एचपी मिळतात. एकाच श्रेणीतल्या, जवळपास सारख्या किमतीच्या दोन मॉडेलांत दीड-दोन एचपीचा फरक सहज पडतो, आणि एवढ्या लहान यंत्रात दीड एचपी म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे. तीन फुटी रोटाव्हेटर ओल्या जमिनीत चालेल की गुदमरेल, हे त्यावर ठरतं. ब्लोअरचं तर आणखी कठीण, कारण पंख्याचा व्यास थोडा वाढवला तरी त्याची मागणी भराभर वाढते. गर्द पानोऱ्यात हवा आतपर्यंत पोचली नाही तर औषध वरच्या पानांवरच बसतं आणि डाऊनी रोग आत मजेत राहतो. बुदनीच्या अहवालात पीटीओची ताकद साध्या हवेतली वेगळी आणि गरम हवेतली वेगळी दिलेली असते. खरड छाटणी एप्रिलमध्ये होते, तेव्हा आमच्याकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो. मला दुसरा आकडा हवा, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

लिफ्टच्या आकड्याचं काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात आणि शेवटपर्यंत त्यांना ते कळत नाही. माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, हायड्रोलिक ७५० किलो उचलतं. शेतकरी हिशेब करतो की फवारणीची दोनशे लिटरची टाकी म्हणजे पाणी दोनशे किलो, यंत्राचं वजन दीडशे-दोनशे, एकूण चारशेच्या आत, म्हणजे निम्मी ताकद शिल्लक. पण तो ७५० चा आकडा बहुतेक वेळा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो. औजाराचं वजन काही टोकाला चिकटलेलं नसतं, ते त्याच्या मागे असतं. म्हणून चाचणीत आणखी एक मोजमाप घेतात, टोकापासून ६१० मिलिमीटर मागे, म्हणजे दोन फुटांवर वजन ठेवून. तिथे तोच ट्रॅक्टर बराच कमी उचलतो. दोन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी असतात आणि त्यातला मोठा तेवढा पत्रकावर जातो. यात खोटं कुणी बोलत नाही, एवढंच.

बरं, उचललं म्हणजे संपलं असंही नाही. सहाशे-सातशे किलोच्या ट्रॅक्टरने मागे चारशे किलो उचलले की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. बागेच्या टोकाला ताणाच्या तारा असतात आणि तिथेच नेमकं वळायचं असतं. यावर उपाय पुढे वजनं लावण्याचा. पण ती लावली की वळायला लागणारी लांबी वाढते. दुसरा उपाय ओढता ब्लोअर. सहाशे लिटरची टाकी भरली की पाणी आणि यंत्र मिळून नऊशे किलोंच्या आसपास वजन मागे लागतं. ट्रॅक्टरपेक्षा जड वस्तू ट्रॅक्टरने ओढायची. सपाट रानात ओढतोही. पण विहिरीकडून बागेकडे येताना उतार असेल तर ती वस्तू ट्रॅक्टरला ढकलायला लागते, आणि तेव्हा आठवतात ब्रेक. ब्रेकच्या चाचणीची पानंही अहवालात आहेत.

अरुंद ट्रॅक्टरचा आणखी एक स्वभाव. जितका अरुंद, तितका कलंडायला सोपा. बांधावरून तिरकं उतरताना, पाटात एक चाक गेलं असताना. परदेशात बागेच्या ट्रॅक्टरला दुमडता येणारी संरक्षक कमान बसवलेली सर्रास दिसते. आपल्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांवर ती नसते. अनुदानाच्या अटींत ती घालता येईल का, याचा विचार आपण करावा. मांडवाखाली अडचण होते म्हणून ती दुमडती हवी, एवढं मात्र लक्षात ठेवा, नाहीतर लोक पहिल्याच दिवशी कापून काढतील.

फोर व्हीलबद्दलचं मत मी ठामपणे देतो. काळी जमीन, पावसाळी फवारणी आणि भरलेली टाकी या तिन्ही गोष्टी असतील तर छोट्या ट्रॅक्टरला फोर व्हील ड्राइव्ह हवाच. हलक्या, मुरमाड रानात टू व्हील पुरतो आणि पैसे वाचतात. इंजिन एक सिलिंडरचं घ्यावं की तीन, यावर मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एक सिलिंडरवाला स्वस्त, दुरुस्तीला सोपा, गावचा कुठलाही मिस्त्री तो उघडून बसवतो. पण दिवसभर फवारणी केली की संध्याकाळी चहाचा कप धरलेला हात थरथरतो. तीनवाला गुळगुळीत चालतो आणि त्याचा फिल्टर तालुक्याला मिळत नाही. मी असतो तर तीनवाला घेतला असता, पण विक्रेत्याकडे सुटे भाग प्रत्यक्ष कपाटात बघून. क्लचबद्दलही विचारावं. साधा सिंगल क्लच असेल तर गिअर बदलायला पाय दाबला की पीटीओही थांबतो, ओळीच्या मधोमध पंखा मंदावतो आणि तेवढीच चार झाडं कोरडी राहतात. रोग नेमका त्या चार झाडांवर येतो, हा काही शास्त्रीय निष्कर्ष नाही, पण कुणाही बागायतदाराला विचारा.

एवढं सगळं लिहूनही सांगायला हवं की पुष्कळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊच नये. पाच लाखांचं यंत्र दहा वर्षं चाललं तरी वर्षाला पन्नास हजार नुसतं झिजतं. व्याज, डिझेल, टायर वेगळे. दोन एकर सोयाबीन किंवा भात करणाऱ्याचं वर्षाचं काम भाड्याच्या ट्रॅक्टरने थोड्या तासांत उरकतं. कोकणातल्या खाचरांत, चार पावलांवर बांध असलेल्या दळ्यांत, पॉवर टिलरच शहाणा. त्याला अनुदानही आहे. आंब्याच्या कातळावरच्या बागांत चाकाचं यंत्र न्यायचं म्हणजे आधी रस्ता करायचा. अशा ठिकाणी गावची औजार बँक नीट चालली तर ती प्रत्येकाच्या दारातल्या ट्रॅक्टरपेक्षा कामाची. द्राक्षाचं गणित वेगळं असण्याचं कारण एकच. पाऊस उघडला की त्या सकाळी सगळ्या गावाला एकाच वेळी फवारायचं असतं, आणि भाड्याचा ब्लोअर त्या दिवशी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मिळून उपयोग नसतो. उसाच्या बाळबांधणीला आणि भरणीला दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालतं, इथे चालत नाही. म्हणून दोन एकरांची बाग ट्रॅक्टरचा खर्च सोसते आणि दोन एकर भात सोसत नाही.

दारात ट्रॅक्टर असण्याची हौस असते, हे मी नाकारत नाही. मुलाचं लग्न जमताना ट्रॅक्टरची एचपी विचारली जाते असं गमतीने म्हणतात, आणि ते पुरतं गमतीचं नसतं. काहींचा हिशेब भाड्याने चालवून हप्ता फेडण्याचा असतो. तोही चुकीचा नाही, फक्त मग तो ट्रॅक्टर स्वतःच्या बागेसाठी घेतलेला नसतो आणि त्याची निवड वेगळी होते. हौस कुणाची कमी करायला मी निघालेलो नाही. पण हौसेलाही योग्य माप लागतं.

आपल्या खात्याची अडचण मला समजते. सहायक कृषी अधिकाऱ्याने अमुक कंपनीचा घ्या म्हटलं तर उद्या त्याच्यावर शिंतोडे उडतील. खात्याने शिफारस करूच नये. पण आकडे समोर ठेवणं म्हणजे शिफारस नव्हे. फ्रिज घेताना वीज किती खाईल हे त्याच्या दारावर चिकटवलेल्या ताऱ्यांवरून कळतं, तिथे सरकार कुठल्या कंपनीची बाजू घेतं असं कुणी म्हणत नाही. ट्रॅक्टर फ्रिजच्या कितीतरी पट महाग आहे.

तर मागणी अशी. अनुदानाच्या यादीतल्या प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरच्या अहवालातून एक पान मराठीत काढा. त्यावर बाहेरची कमीत कमी रुंदी, सायलेन्सरसह उंची, वजन, गरम हवेतली पीटीओची ताकद, त्या वेळचं डिझेल, दोन फूट मागे मोजलेली लिफ्ट, ब्रेक लावून आणि न लावता वळायला लागणारी जागा, एवढंच असू द्या. ते पान शेतकरी पोर्टलवर श्रेणी निवडतो तिथेच दिसायला हवं. पूर्वसंमतीच्या वेळी दाखवून उपयोग नाही. कोटेशन झालं की माणूस मागे फिरत नाही, इसार दिलेला असतो. अर्जात एचपीच्या आधी पीक, दोन ओळींतलं अंतर आणि जोडायचं औजार विचारा. शेतकऱ्याने ते भरलं की निम्मी निवड आपोआप होते. आणि अनुदान ट्रॅक्टरचं वेगळं, रोटाव्हेटरचं वेगळं, ब्लोअरचं वेगळं अशा तीन खिडक्यांत दिलं जातं, तिथे किमान एकदा तरी कुणीतरी विचारावं की हे तिन्ही एकमेकांना जमतात का.

हे काम करायला नवी संस्था नको. राहुरी, दापोली, अकोला, परभणी ही चारही विद्यापीठं आपल्याकडे आहेत, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. राहुरीने ऊस आणि डाळिंबासाठी, दापोलीने खाचरांसाठी, मांजरीने मांडव आणि वाय या दोन्हींसाठी कोणत्या मापाचं यंत्र आणि औजार जुळतं एवढं सांगितलं तरी विक्रेत्यासमोर बसणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असेल. कंपनीचं नाव न घेताही ते सांगता येतं.

प्रात्यक्षिकांचंही सांगून ठेवतो. आज ती होतात, पण कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर किंवा उन्हाळ्यात एखाद्या मोकळ्या, आधीच नांगरलेल्या रानात. तिथे कोणताही ट्रॅक्टर सुरेख चालतो, वर ढोलकी वाजत असते आणि टाकी रिकामी असते. आपण घ्याल तेव्हा ती जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, चालू बागेत. टाकी काठोकाठ भरलेली, ट्रॅक्टर विक्रेत्याच्या माणसाने नाही तर गावातल्याच एखाद्याने चालवायचा, आणि ओळीच्या टोकाला एकदा तरी थांबवून पुन्हा सुरू करायचा. एका तालुक्याला एक बाग पुरे. आमच्या तालुक्यासाठी माझी वापरा. ओळी नऊ फुटांच्या आहेत, पद्धत वाय, जमीन काळी, आणि विहिरीकडून येताना उतार आहे.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक